स्ट्रॅटम : एका क्रमांकाची कुळकथा

इ. स. २०११ च्या रमजानात दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी असा निर्णय दिला की, बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी खालच्या नगरजनांपेक्षा दोन मिनिटे, आणि १५० व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा; कारण भूतलावर अस्तंगत झालेला सूर्य त्या उंचीवरून अद्याप दृष्टीस पडत असतो. त्याच इमारतीतील संगणक मात्र सूर्याला विचारीत नाहीत. जागतिक प्रमाणवेळेत चार तास मिळवून ते सर्व मजल्यांवर एकच वेळ दाखवितात, आणि ती दुबईच्या स्थानिक सौरवेळेच्या सुमारे १९ मिनिटे पुढे असते, याची कोणास दिक्कत वाटत नाही. ज्या सर्व्हरकडून ते ही वेळ घेतात त्याला स्ट्रॅटम, म्हणजे स्तर, नावाचा एक क्रमांक असतो, आणि लहान क्रमांक म्हणजे अधिक अचूक वेळ, हा समज इतका रूढ आहे की, त्या क्रमांकाचे कूळ पाहिल्यावाचून तो फिटावयाचा नाही.

ही मूळची अमेरिकेतील दूरध्वनी व्यवस्थेची मिरास. आवाज आकड्यांच्या रूपाने धाडला जाऊ लागल्यावर दोन केंद्रांची घड्याळे जुळली नाहीत तर मधले आकडे गळत किंवा दोनदा येत. म्हणून घड्याळांच्या प्रती ठरल्या. पहिल्या प्रतीच्या घड्याळाची चूक १०० अब्जांत एका भागाहून अधिक नसावी, चौथ्या प्रतीला दहा लाखांत ३२ भागांची मुभा. येथे क्रमांक हा खरोखरच गुणवत्तेचा दाखला होता.

पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये संगणकांची घड्याळे जुळविणाऱ्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलचा मसुदा प्रसिद्ध केला आणि पुढील आवृत्त्यांत हा क्रमांक स्वीकारला. १९९२ च्या मसुद्यात तर, दूरध्वनीच्या वहिवाटीस अनुसरून तो अचूकता ठरवितो, असेच नमूद आहे. प्रत्यक्ष योजना निराळी. अणुघड्याळाशी वा उपग्रहाच्या ग्राहकयंत्राशी जोडलेला सर्व्हर पहिला, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसरा, असे पंधरापर्यंत. सोळा म्हणजे बेवारस. दोन सर्व्हरांनी एकमेकांनाच वेळ विचारीत बसून भलतीकडे वाहवत जाऊ नये, ही या क्रमांकाची खरी चाकरी. अचूकतेचा हिशेब, हा क्रमांक ज्या संदेशातून येतो त्याच संदेशातील निराळ्या रकान्यांत, मूळ स्रोतापर्यंत जाण्यायेण्याचा विलंब आणि वाटेत साचलेली अनिश्चितता या रूपाने, मांडलेला असतो. पण तो वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. मिल्स यांच्या बुद्धीविषयी परम आदर बाळगूनही असे वाटते की, ही उसनवारी त्यांनी टाळावयास हवी होती.

समजा, अबुधाबीतील एखाद्या कचेरीने केवळ क्रमांकाला भुलून युरोपातला पहिल्या स्तराचा सर्व्हर निवडला आणि संदेशाच्या जाण्यायेण्यास १२० मिलिसेकंद लागले, तर दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागतो या गृहीतकापायी चूक ६० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते. शहरातल्याच तिसऱ्या स्तराच्या सर्व्हरशी ही ये-जा चार मिलिसेकंदांत होत असेल, तर वाटेची चूक दोहोंच्या पुढे जात नाही, आणि त्या सर्व्हरची स्वतःची चूक कितीपर्यंत असू शकेल, हे त्या उपेक्षित रकान्यांत पाहून घेता येते.