गोट्यांच्या माळावरची द्राक्षं आणि 1923 चा नियम

फ्रान्सच्या अभ्यास दौऱ्याबद्दल लिहा, लिहा म्हणून बरेच जण मागं लागलेत. सगळं लिहायला बसलो तर छाटणी राहून जाईल, म्हणून एकाच बागेबद्दल लिहितो.

गावाचं नाव शातोनफ-द्यु-पाप. दक्षिण फ्रान्सात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आविन्यों शहराजवळ. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आविन्योंला राहत होते, त्यांनी इथं किल्ला बांधला. 1944 ला जर्मन सैन्यानं त्याचा काही भाग उडवला, आता भिंतीच उभ्या आहेत.

या माळावर उभं राहिलं की नदीच्या पात्रात आल्यासारखं वाटतं. बऱ्याच ठिकाणी माती दिसतच नाही, नुसते गोल गुळगुळीत गोटे, काही तर नारळाएवढे. दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. जुन्या वेलींना मंडप नाही की तार नाही. कमरेएवढी झुडपं, जात मुख्यतः ग्रेनाश. आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, याला बाग म्हणायचं का?"

नदीपलीकडं रोकमोर गाव आहे. 1860 नंतर फ्रान्समध्ये फायलोक्सेरा पहिल्यांदा त्याच भागात दिसला. माव्याच्या नात्यातली कीड, मुळांचा रस शोषते. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर आली आणि बागाच्या बागा वाळवून गेली. औषधानं भागलं नाही. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करूनच बागा उभ्या राहिल्या. आपला डॉगरिज मूळचा टेक्सासचाच. आपण तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारासाठी घेतला, त्यांच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता.

किडीतून बागा सावरल्या, पण भाव आला नाही. या गावची वाईन पिंपानं दुसऱ्या भागातले व्यापारी न्यायचे आणि त्यांच्या पातळ वाईनला जोर यावा म्हणून मिसळायचे. उलट गावाचं नाव लावून भलतीच वाईन विकली जायची.

आम्ही बघितली ती बाग शातो फोर्तिया. पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला बॅरन ल रॉय लग्नानं या घरात आला. शिक्षण वकिलीचं. 1923 ला गावचे शेतकरी त्याच्याकडं गेले, म्हणाले आमचं पुढारपण करा. त्यानं अट घातली, की आधी तुम्ही स्वतः सचोटीनं वागायचं, मग मी लढतो. मला वाटतं सगळा इतिहास या एका अटीत आहे. सरकारनं नियम लादले नाहीत, शेतकऱ्यांनी स्वतःला बांधून घेतलं.

नियम तरी कसले! लव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपं जिथं उगवतात तीच जमीन धरायची, म्हणजे भारी काळी जमीन आपोआप बाहेर. जाती ठरलेल्या. अल्कोहोल किमान 12.5 टक्के, म्हणजे कच्चा माल तोडताच येत नाही. तोडणीत खराब माल निवडून फेकायचाच. कोर्टकचेऱ्या दहा वर्षं चालल्या, 1933 ला वरच्या कोर्टात गाव जिंकलं. 1936 ला कायद्याचं संरक्षण मिळालं. फ्रान्सभर पुढं हाच नमुना चालला.

उत्पादनाची मर्यादा हेक्टरी 35 हेक्टोलिटर, म्हणजे 3500 लिटर. मी तिथंच हिशोब मांडला, एकरी दोन टनसुद्धा द्राक्षं नाहीत. आपण दहा-बारा टनाच्या खाली आलो तर झोप लागत नाही. आपली खायची द्राक्षं, त्यांची वाईनची, तुलना सरळ होत नाही हे मान्य. पण जास्त माल धरायचाच नाही असं अख्ख्या गावानं ठरवणं, हे मला पचायला वेळ लागला.

कारण एक गोष्ट मलाच टोचत होती. काही वर्षांपूर्वी भाव चढा होता म्हणून मी 14 ब्रिक्सला बाग तोडली. व्यापारी घाई करत होता, पण कात्री माझीच होती. आंबट माल पुढं गेला, तक्रार आली, आणि आठ दिवसांनी त्यानं आमच्या शिवाराचाच भाव पाडला. शेजारचे आप्पा 18 ब्रिक्सपर्यंत थांबले होते, त्यांनाही तोच भाव. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नाशिकच्या द्राक्षाला जीआय मिळालेलं आहे. पण मी तोडलेल्या त्या मालावर कुणी नाशिकचंच नाव लावलं असणार.

दौऱ्यावरून आल्यावर गटाच्या बैठकीत विषय काढला, 16 ब्रिक्सच्या खाली कुणीच तोडायचं नाही आणि मीटर एकानं दुसऱ्याच्या बागेत लावायचा. तेवीस जणांतून नऊ सह्या झाल्या. पहिली आप्पांची. बाकीच्यांचं म्हणणं, "कर्जाचा हप्ता ब्रिक्स बघून थांबतो का?" खोटं नाही ते. गोडी छाटणी उरकली की परत बसणार आहोत.