बार्शीचा शेख, महाराष्ट्राचा शाहीर

लातूरच्या एका कविसंमेलनात एका गृहस्थांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, ‘मुसलमान असून किती छान मराठी लिहिता!’ नांदेडला परतताना वाटभर मला अमर शेख आठवत राहिले.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा, बार्शीचा. त्या काळी बार्शीची छोटी रेल्वे निजामाच्या मुलखातल्या लातूरपर्यंत यायची. गाणं त्यांना आई मुनेरबीकडून मिळालं. बसवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून गावोगाव गायले. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह लिहिले. पण त्यांचा खरा रंगमंच म्हणजे उघडं मैदान. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांचा पहाडी आवाज घुमला, म्हणजे लाखांची गर्दी हलायची. १९६० साली मराठी राज्य झालं. आपलं नांदेड-लातूरही त्यातच आलं. १९६९ मध्ये अपघातानं हा आवाज थांबला.

ज्या राज्यासाठी एका शेखानं गळा सुकवला, तिथं माझ्या मराठीचं नवल कशाला? ते गृहस्थ पुन्हा भेटले तर एवढंच म्हणेन, कौतुक राहू द्या, त्यातला ‘असून’ तेवढा काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)