‘सौम्य’ सिकलसेल आणि नागपूरची लेकरे

१/ एखाद्या आजाराला चिकटलेले एक विशेषण किती महाग पडू शकते? भारतातील सिकलसेल ‘सौम्य’ असतो, असा समज वैद्यकविश्वात दीर्घकाळ रूढ होता. विदर्भातील मुलांची अवस्था मात्र वेगळीच होती. ती जगापुढे मांडण्यात नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

२/ आधी आजार समजून घेऊ. निरोगी लाल रक्तपेशी गोल, लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेत एकच बदल असतो. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि काही आठवड्यांतच नष्ट होते. तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. परिणामी असह्य वेदना, पंडुरोग आणि वारंवार जंतुसंसर्ग ओढवतो.

३/ १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली : नवजात बाळांत विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या दिसतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करत असावे, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला.

४/ भारतात या पेशींची नोंद झाली ती १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि नागपूर या नकाशावर आले. नागपूर तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होते. आजार अर्थातच जुना होता. नवी होती ती त्याच्याकडे वळलेली नजर.

५/ मग ‘सौम्य’ हा शिक्का आला कुठून? १९८० च्या दशकात ओडिशात झालेल्या अभ्यासांतून. तेथील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही बरेच टिकून राहते आणि त्यामुळे आजाराची धार बोथट होते, असे आढळले. निरीक्षण अचूक होते. चूक झाली ती एका प्रदेशाचा निष्कर्ष साऱ्या देशाला लावण्यात.

६/ नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’च्या, बालरोग विभागात वेगळे चित्र दिसत होते. वर्षातून अनेकदा वेदनेने तळमळत येणारी, पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागणारी मुले तेथे दाखल होत. हा अनुभव डॉ. जैन आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंधांत नोंदवला. वैद्यकात अनुभवाला वजन येते ते असे लिहून ठेवल्यावरच.

७/ पुढची पायरी होती बाळे जन्मल्यापासूनच त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची. जमैकात ग्रॅहम सर्जंट यांनी १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजातांची तपासणी करून हा मार्ग घालून दिला होता. नागपुरात आधी मातांची आणि मग सिकलसेलचा दोष आढळलेल्या मातांच्या बाळांची चाचणी झाली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या सहकार्याने दोन हजारांहून अधिक बाळे तपासली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवले, की आजार सर्वच बाळांत सौम्य नव्हता.

८/ आता औषधाची गोष्ट. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. म्हणजे वॉटसन यांनी हेरलेले तेच कवच. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने प्रौढ रुग्णांतील त्याची उपयुक्तता सिद्ध केली. पण तिकडची पद्धत अशी, की मात्रा शरीराला सोसेल तितकी वाढवत न्यायची आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासायचे. रोजची मजुरी बुडवून दूरच्या गावाहून येणाऱ्या आईबापांना हे झेपणार कसे?

९/ डॉ. जैन यांच्या गटाने प्रश्न उलटा घातला : कमी आणि कायम एकच मात्रा पुरेशी ठरेल का? तीव्र आजार असलेली ६० मुले, दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम औषध, १८ महिन्यांचा कालावधी. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी निष्प्रभ गोळी. कोणाला काय मिळते, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या मुलांत वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि रुग्णालयाच्या वाऱ्या लक्षणीय घटल्या होत्या.

१०/ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. निलगिरी आणि आसामातील पहिल्या नोंदींपासून या दिवसापर्यंत ७१ वर्षे लोटली. त्या वर्षांचा इतिहास केवळ प्रयोगशाळांचा नाही. ज्या मुलांचे दुखणे ‘सौम्य’ या शब्दाखाली दडले होते, त्यांच्या खाटेशी बसून ते मोजणाऱ्यांचाही तो इतिहास आहे.