अर्जातले खोटे आणि कलम 45

विम्याच्या अर्जात खोटे लिहिले की पैसे बुडाले, ही समजूत सरसकट खरी नाही. तिचा उगम ज्या खटल्यात दाखवतात, तो तर विमेदारानेच जिंकला होता. सुमात्रातल्या मार्लबरो किल्ल्याच्या इंग्रज गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडेल या भीतीने लंडनमध्ये विमा उतरवला आणि 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतलाच. किल्ला कच्चा असल्याचे लपवले, असे विमा देणाऱ्याचे म्हणणे. 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दोन्ही पक्षांनी सचोटी राखावी असे सांगितले आणि निकाल गव्हर्नराच्या बाजूने दिला. माहीत असलेल्या किंवा सहज कळण्याजोग्या गोष्टीवर गप्प राहून हप्ता घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर तीच पुढे करायची, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे सचोटीचा भार एकट्या विमेदारावर आला. अर्जातली उत्तरे हाच कराराचा पाया, असे एक वाक्य कंपन्या छापू लागल्या. ग्लासगोच्या एका लॉरीचा मुक्कामाचा पत्ता अर्जात चुकला होता. त्याने जोखीम वाढत नव्हती, तरी लॉरी जळाल्यावर, 1922 मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने भरपाई नाकारली.

आपल्याकडे 1938च्या विमा कायद्यातील कलम 45ने याला वेसण घातली. दोन वर्षांनंतर आयुर्विमा नाकारायचा तर खोटी माहिती महत्त्वाची होती, ती विमेदाराने फसवण्यासाठी दिली आणि ती खोटी असल्याचे त्याला ठाऊक होते, हे कंपनीनेच सिद्ध करायचे. याने लबाडांचे फावेल आणि भुर्दंड प्रामाणिकांना पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण मुंबईच्या ओरिएंटल कंपनीच्या पॉलिसीवरून झालेला मिठूलाल नायक खटला पाहावा. मृत विमेदाराने 1943 मध्ये घेतलेले उपचार लपवले होते. दोन वर्षे उलटून गेली होती, तरीही 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. 2015च्या दुरुस्तीनंतर मात्र तीन वर्षे झाली की फसवणुकीचे कारणही चालत नाही. इथे लबाड सुटू शकतो, हे कबूल करावे लागते. तरी मला ही मुदत योग्य वाटते. अर्ज बहुधा एजंटच्या अक्षरात भरलेला असतो, विमेदाराची फक्त सही. आणि वाद उठतो तेव्हा खुलासा देऊ शकणारा माणूस हयात नसतो. तपासणी करायला, जुने कागद मागवायला कंपनीला तीन वर्षे पुरेशी आहेत, आणि तेवढ्यात तिला हप्तेही मिळालेले असतात. आरोग्य विम्याचा हिशेब वेगळा आहे: 2024 पासून तिथे पाच वर्षांनंतर चुकीच्या माहितीवर बोट ठेवता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीवर येते.