तगरचे पुरावे आणि फुकटची काटछाट

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून त्याची नोंद आहे. इथल्या लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं १९३८ साली पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी असलेलं साम्य दागिन्यांच्या, कोरीव कामाच्या बारकाव्यांतूनच कळतं. म्हणून अशा वस्तूंची छायाचित्रं संकेतस्थळावर चढवताना फुकटचं कॉम्प्रेशन प्लगिन डोळे झाकून लावणं मला धोक्याचं वाटतं. जेपीईजी चित्र दाबून लहान करताना गेलेला तपशील परत येत नाही. काही प्लगिनं तर मूळ फाइलच बदलतात, तारखेची आणि छायाचित्रकाराची नोंद पुसतात, चित्रं परक्या सर्व्हरवर पाठवतात. गावाकडच्या मोबाइलवर पान झटकन उघडायला हवं, हे मान्यच. पण त्यासाठी प्रत लहान करावी, मूळ चित्र वेगळं जपावं.