जीर्णोद्धार आणि सचोटी

जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे तिचा मालक आपोआप इतिहासकार होतो. ती केव्हांची, कोणाच्या हातून आली, तिच्यांतलें मूळचें काय आणि मागाहून बसविलेलें काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें त्याला द्यावीं लागतात आणि त्या उत्तरांवरच तिची किंमत ठरते. जुनी पोथी किंवा जुनी तसबीर ह्यांच्या बाबतींत हें आपल्या परिचयाचें आहे. परंतु जी वस्तु झिजण्या-मोडण्यासाठींच घडविली गेली, तिच्या बाबतींत हा प्रश्न अधिक अवघड होतो. रानोमाळ चालणाऱ्या शर्यतींसाठीं इंग्लंडांत बनलेल्या जुन्या मोटरसायकली ह्या अशाच वस्तु होत.

ह्या शर्यतींचा आरंभ २९ मार्च १९२४ रोजीं सरे परगण्यांतील कँबर्ली येथें झाला, असें मानतात. तेथील क्लबानें यॉर्कशरमधील स्कॉट चाचणीच्या धर्तीवर एक स्पर्धा योजिली. मात्र चाचणींत स्वाराच्या कौशल्याला जे गुण देत ते गाळून निकाल केवळ वेगावर ठेवला. मग हिला ‘चाचणी’ म्हणतां येणार नाहीं, अशी नियामक मंडळानें हरकत घेतली. तेव्हां झुंबड, धडपड अशा अर्थाचा ‘स्क्रँबल’ हा शब्द रूढ झाला. ‘मोटोक्रॉस’ हें नांव पुढें फ्रेंच भाषेंतून आलें. १९४७ सालीं हॉलंडांत वासेनार येथें राष्ट्राराष्ट्रांचा पहिला सामना झाला, तो ब्रिटननें जिंकला.

ह्या खेळांत ज्या गाड्यांनीं नांव कमावलें, त्यांत बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याची ‘गोल्ड स्टार’ अग्रगण्य होती. तिचें नांव एका पराक्रमांतून जन्मलें. १९३७ च्या जूनमध्यें वॉल हँडली ह्या स्वारानें ब्रुकलँड्सच्या मैदानावर बी.एस.ए.ची गाडी ताशीं १०० मैलांहून अधिक वेगानें फेरीभर पळविली. असें करून दाखविणाऱ्यास तेथें सोन्याचा लहानसा तारा मिळत असे; तोच तारा पुढील वर्षीं गाडीचें नांव झाला. महायुद्धानंतर ही गाडी विकतांना कारखाना तिच्या इंजिनाची शक्ति मोजून त्याचा दाखला गिऱ्हाइकाच्या हातीं देई. १९५६ सालीं कॅलिफोर्नियाजवळील कॅटलिना बेटावरची शर्यत हिनें जिंकली, म्हणून तिच्या एका प्रकाराला त्या बेटाचें नांव मिळालें. १९६३ सालीं तिचें उत्पादन थांबलें. आणि जेफ स्मिथनें १९६४ व १९६५ सालीं जगज्जेतेपद मिळविलें तें बी.एस.ए.च्याच, पण हिच्याहून पुष्कळ हलक्या गाडीवर.

शर्यतींतून निवृत्त झालेल्या गाडीची स्थिति काय होते, हें सांगावयास नको. चिखलांत आपटून टाकीला पोंचे पडलेले, सांगाडा एक-दोन ठिकाणीं सांधलेला, इंजिनाचे भाग दुसऱ्याच गाडीचे. अशी गाडी एखादा हौशी कारागीर अडगळींतून बाहेर काढतो, वर्षानुवर्षें तिच्यावर खपतो आणि शेवटीं ती कारखान्यांतून कालच आल्यासारखी झळकूं लागते. मग ती बाजारांत येते. येथेंच खरी मेख आहे. टाकीवरचा पोंचा आणि सांगाड्यावरचा सांधा हींच त्या गाडीच्या शर्यतींची साक्ष होती. तीच साक्ष जीर्णोद्धारानें पुसली.

कांहीं विक्रेते ह्याच्याहि पुढें जातात. त्याच कारखान्याच्या ‘बी ३१’ व ‘बी ३३’ ह्या साध्या गाड्या, लोखंडी सिलिंडरच्या, रोजच्या वापराच्या. त्यांना गोल्ड स्टारचा साज चढवून त्या गोल्ड स्टार म्हणून खपविण्याचे प्रकार जाणत्यांना ठाऊक आहेत. जाणता गिऱ्हाईक अशा वेळीं चकाकीकडे पाहात नाहीं. तो खालीं वांकतो. गोल्ड स्टारच्या उत्तरकालीन सांगाड्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या नळीला, तेलाच्या पंपास जागा मिळावी म्हणून, एक बांक दिलेला असतो. तो बांक आहे कीं नाहीं, इंजिनावरील व सांगाड्यावरील आंकडे मूळचे आहेत कीं नव्यानें ठोकलेले, हें तो बघतो. इंग्लंडांत १९४६ सालीं स्थापन झालेला जुन्या मोटरसायकलींचा क्लब अशा गाड्यांच्या कालनिर्णयाचे दाखलेहि देतो.

‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं ह्या सर्वांच्या मेळाला रथ हें नांव आहे, एवढेंच उरतें. तत्त्वज्ञानाला हें उत्तर पुरेसें असेल. पण बाजारांत त्या नांवाचेच पैसे मोजले जातात. बी.एस.ए.चा जुना धंदा १९७० नंतर थोड्याच वर्षांत बुडाला; परंतु तिचें नांव २०१६ सालीं मुंबईच्या महिंद्र समूहाशीं संबंधित कंपनीनें विकत घेतलें आणि २०२१ सालीं ‘गोल्ड स्टार’ ह्याच नांवाची अगदीं नवी गाडी बर्मिंगहॅम येथें मांडली. त्या व्यवहारांत फसवणूक कोठेंच नव्हती, कारण गाडी नवी आहे हें कोणापासून लपविलेलें नव्हतें.

जीर्णोद्धारांत दोष नाहीं. दोष मौनांत आहे. टाकी नवी, चाकांच्या तारा नव्या, सांगाडा मात्र मूळचा, असें विकणाऱ्यानें कागदावर लिहून दिलें तर किंमत थोडी उतरेल, पण पुसलेला इतिहास निदान त्या कागदावर तरी राहील. ज्या कारखान्यानें आपल्या गाडीबरोबर तिच्या शक्तीचा दाखला दिला, त्याची गाडी विकणाऱ्यानें तिच्या वयाचा आणि व्रणांचा दाखला द्यावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.