आकाशाची वाटणी आणि निजामिया वेधशाळा

चैत्राच्या मध्यरात्री जालन्यास एखाद्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवर हस्ताच्या तारका दिसतात. शेतकरी हे नक्षत्र ओळखतो ते त्याच्या पावसावरून. परंतु हस्ताचा पाऊस पडतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, आणि तारका मुळीच दिसत नाहीत. त्या रात्रभर पाहावयाच्या तर वसंत ऋतूच हवा. ह्या हस्ताचा बराचसा भाग आकाशाच्या ज्या पट्ट्यात येतो, तो खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांवर आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सगळ्या आकाशाची वाटणी झाली, तेव्हा हा पट्टा दक्षिण अमेरिकेतील सान्तियागो वेधशाळेच्या वाट्यास आला होता. पुढे तो हैदराबाद संस्थानच्या नावावर चढला. जालना हा त्या काळी ह्याच संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९८१ रोजी झाला.

आकाशाची वाटणी कोणी आणि कशासाठी केली, हे समजण्यास एप्रिल १८८७ मधील पॅरिसकडे वळावे लागेल. तेथील वेधशाळेचे प्रमुख अॅडमिरल मूशे ह्यांनी बोलाविलेल्या परिषदेस १९ राष्ट्रांतील ५६ शास्त्रज्ञ जमले होते. त्यापूर्वी पाच वर्षे, १८८२च्या मोठ्या धूमकेतूचे छायाचित्र घेताना डेव्हिड गिल ह्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास असे आढळले होते की, धूमकेतूच्या मागे असंख्य तारे काचेवर आपोआप उमटले आहेत. जे डोळ्यांनी टिपावयास आयुष्ये खर्ची पडली असती, ते काही मिनिटांत काचेवर उतरत होते. तेव्हा सर्व आकाशाचे असे चित्र का घेऊ नये? अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची मोजून केलेली सूची आणि चौदाव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांचा नकाशा, असा दुहेरी संकल्प परिषदेने सोडला.

परंतु एका वेधशाळेस सगळे आकाश दिसत नाही, आणि जे दिसते तेही एका पिढीच्या हातून मोजून होत नाही. म्हणून अठरा वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतले. उत्तर ध्रुव ग्रिनिचकडे, दक्षिण ध्रुव मेलबर्नकडे, आणि मधले पट्टे व्हॅटिकन, पॅरिस, बोर्दो, अल्जिअर्स, केप इत्यादिकांकडे गेले. दुर्बिणीचे मापही ठरविण्यात आले. भिंग ३३ सेंटिमीटरांचे आणि त्याचे केंद्रांतर ३.४३ मीटरांचे असावे, म्हणजे आकाशातील एक कला काचेवर बरोबर एक मिलिमीटर होईल. काचा निरनिराळ्या देशांत निघाल्या तरी एकमेकींशी पडताळता याव्यात, हा त्यातील हेतू.

त्याहून नामी युक्ती पुढेच आहे. प्रत्येक काचेवर दोन अंश लांबरुंद असा आकाशाचा तुकडा येई. ह्या काचा शेजारी शेजारी फरशीसारख्या मांडावयाच्या नव्हत्या; एका काचेचा कोपरा जेथे येतो तेथे दुसरीचा मध्य यावा, अशी त्यांची रचना होती. त्यायोगे प्रत्येक तारा निदान दोन काचांवर उमटे आणि एका काचेची चूक दुसरी दाखवून देई. शेजारच्या पट्ट्यांच्या सीमेवरील तारे तर दोन निरनिराळ्या वेधशाळांच्या काचांवर सापडत. गावच्या वाटणीत बांधावरून भांडणे होतात. येथे बांध मुद्दाम एकमेकांच्या शेतात घातले होते.

करार तर झाला. तो पाळणे सर्वांना साधले नाही. सान्तियागो, ला प्लाता आणि रिओ ह्या दक्षिण अमेरिकेतील तिन्ही वेधशाळांकडून काम होईना. ला प्लाताचा पट्टा कोर्दोबाने उचलला आणि रिओचा पर्थने. सान्तियागोचा मात्र अनेक वर्षे पोरका राहिला. सगळ्या आकाशाची सूची करावयाची आणि मध्येच सात अंशांचा घेर कोरा सोडावयाचा, म्हणजे धोतरास मधोमध भोक ठेवण्यासारखेच होते.

ह्या सुमारास हैदराबादेत एका उमरावाच्या छंदातून एक वेधशाळा उभी राहत होती. नवाब जफर जंग ह्यांनी विलायतेहून १५ इंची दुर्बीण आणविली, आणि १९०१ साली आपल्या फिसलबंडा येथील जागेत वेधशाळा स्थापून, निजामांच्या संमतीने तिला निजामिया हे नाव दिले. १९०७ साली नवाब निवर्तले आणि पुढच्या वर्षी वेधशाळा संस्थानच्या अर्थखात्याकडे आली. तिचा खर्च आता सरकारी तिजोरीतून चालू लागला. त्या तिजोरीत मराठवाड्याचा शेतसाराही पडत असे. ज्या गावास लोक ‘सोन्याचा पालना’ म्हणत, त्या जालन्याच्या कापसाच्या शिवाराचासुद्धा. चॅटवुड हे पहिले संचालक नेमले गेले, वेधशाळा बेगमपेठेत हलविण्यात आली आणि सान्तियागोचा बेवारस पट्टा हैदराबादने पत्करला. आशिया खंडातून ह्या कामात उतरलेली ही एकटीच वेधशाळा होय. तिच्याजवळचे छायाचित्रणाचे यंत्र ८ इंची भिंगाचे होते, ठरलेल्या मापाहून बरेच लहान; तरी काम त्याच्यावरच झाले.

आता ह्या पट्ट्याचे वेळापत्रक कसे असेल, ह्याची श्रोत्यांनी कल्पना करावी. तारा याम्योत्तरावर असताना सर्वांत उंच असतो आणि त्याच वेळी त्याचे चित्र उत्तम येते. हैदराबादेहून हा पट्टा याम्योत्तरावरही पन्नास-पंचावन्न अंशांपलीकडे चढत नाही. म्हणून आगेमागे करावयास सवड थोडी. पट्ट्यातील प्रत्येक अंशवृत्तावर १८० काचा, अशी सात वृत्ते, मिळून १२६० काचा घ्यावयाच्या. एकेका काचेपुढून आकाश आठ मिनिटांत सरकून जाणार. उलटपक्षी सूचीच्या काचेवर सहा मिनिटे, तीन मिनिटे आणि वीस सेकंद असे तीन वेळा प्रकाश घेण्याचा प्रघात होता. म्हणजे नऊ मिनिटांहून अधिक गेली, शिवाय काच बदलण्याचा वेळ निराळा. एक काच होईतो लगतच्या काचेची घटका टळलेली असे. ती मग दुसऱ्या रात्रीसाठी राखून पुढील जागा धरणे भाग होते.

खरी अडचण पावसाळ्याची. आपल्या महिन्यांची नावेच येथे वेधकाचे पंचांग होऊन बसतात. ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र असतो त्याचे नाव महिन्यास मिळते, आणि तेच नक्षत्र त्या महिन्यात मध्यरात्री याम्योत्तरावर असते. चैत्रात चित्रा आणि तिच्या शेजारचा हस्त. तेव्हा दक्षिणेचे आकाश बहुधा निरभ्र. परंतु ज्येष्ठ, आषाढ आणि श्रावण ह्या महिन्यांत ज्येष्ठेपासून श्रवणापर्यंतचा भाग माथ्यावर येतो, आणि दख्खनच्या पठारावर ढग जमतात ते नेमके तेव्हाच. ह्या पट्ट्याचा वृश्चिक-धनु राशींतील भाग आकाशगंगेतून जातो. तारे सर्वांत दाट तेथेच. म्हणजे सर्वांत जड काम सर्वांत वाईट ऋतूच्या वाट्याचे! ते उरकावयाचे तर चैत्र-वैशाखात पहाटेपूर्वी किंवा पावसाळा सरल्यावर सायंकाळी, मिळतील तेवढ्या तासांत. एक ऋतू हुकला तर त्या काचांसाठी वर्षभर थांबणे आले. ह्या मानाने चिलीतील वेधकांचे नशीब थोर होते. हा पट्टा त्यांच्या जवळजवळ माथ्यावरून जातो.

हैदराबादच्या ह्या १२६० काचा १९१४ ते १९२९ ह्या काळात घेण्यात आल्या. १९१४ साली पोकॉक संचालक झाले आणि १९१८ साली वारले. त्यांच्यामागे टी. पी. भास्करन ह्यांनी धुरा उचलली आणि १९४४ पर्यंत वाहिली. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. काच घेणे हा कामाचा लहानसा भाग. मोठा भाग दिवसाउजेडी, सूक्ष्मदर्शकाशी बसून प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजण्याचा आणि आकडे मांडण्याचा. एक विकला म्हणजे काचेवर मिलिमीटराचा साठावा भाग, आणि मोजणी त्याहूनही बारीक करावयाची. ह्या गणकांची नावे लोकांच्या कानी कधी आली नाहीत. एक पट्टा आटोपत आला तेव्हा दुसरा पुढे उभा राहिला. जर्मनीतील पॉट्सडॅम वेधशाळेने आपल्या पट्ट्याच्या काचा १९०० पर्यंत घेऊनही सूची तडीस नेली नव्हती. त्यातील उत्तरेचे ३६ ते ३९ अंश हैदराबादने घेतले आणि १९२८ ते १९३८ ह्या दहा वर्षांत ५९२ काचा उतरविल्या. दोन वेधशाळांचे राहिलेले काम एका तिसरीने उचलले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती तर मूळ करारात नव्हतीही.

ह्या तुलनेत इतरांकडे पाहावे. सिडनीच्या काचा १८९२ पासून १९४८ पर्यंत चालल्या होत्या. खुद्द पॅरिसला १८ ते २४ अंशांसाठी १८९१ ते १९२७ एवढा काळ लागला. चौदाव्या प्रतीपर्यंतचा नकाशा तर कधी पुरा झालाच नाही. सूचीचे प्रकाशन १९६४ साली संपले आणि १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ह्या उद्योगाची समिती मोडली. ह्या करारात अमेरिकेतील मोठ्या वेधशाळा सामील झाल्या नव्हत्या. त्यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण हाती घेतले आणि त्या पुढे गेल्या. युरोपच्या वेधशाळा आकडे मोजत मागे राहिल्या, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तारे मोजण्याच्या कामाला आणखी चाळीस वर्षे उशीर झाला असता तरी त्या काळात कोणाचे अडले नसते.

अडले ते पुढे. १९८९ साली युरोपने हिप्पार्कस हा उपग्रह सोडला आणि १९९३ पर्यंत त्याने ताऱ्यांची स्थाने अत्यंत सूक्ष्मतेने मोजली. परंतु तारा कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतो हे कळण्यास दोन मोजण्या लागतात, आणि त्यांमधील अंतर जितके लांब तितके उत्तर भरवशाचे. चाळीस वर्षांचा जो उशीर चालला असता असे वाटे, तो येथे भोवला असता. ही दुसरी मोजणी जुन्या काचांवाचून कोठेही नव्हती. अमेरिकेच्या नौदलाच्या वेधशाळेने सगळ्या वेधशाळांची छापील सूची, सुमारे ४६ लाख तारे, यंत्रात भरून नव्याने गणिली. तिची उपग्रहाच्या मोजणीशी सांगड घालून २००० साली टायको-दोन ही २५ लाख ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली.

आज दुर्बिणींचे जाळे विणावयास परिषद बोलवावी लागत नाही. लडाखमधील हानले येथे मुंबईच्या आय.आय.टी. आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेने २०१८ साली कार्यान्वित केलेली ७० सेंटिमीटरांची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशाच एका जाळ्यातील होय. एका देशात उजाडले की त्या ताऱ्याचा पाठलाग दुसऱ्या देशात चालू राहतो, आणि कोणत्या घटकेस कोठे वळावयाचे ह्याचे गणित बहुतांशी यंत्रच करते. टायको-दोन सूचीत मात्र दक्षिणेच्या १७ ते २३ अंशांतील ताऱ्यांच्या गतीचे एक टोक उपग्रहाने १९९१च्या सुमारास टेकविले आहे, आणि दुसरे बेगमपेठेच्या १२६० काचांवर आहे. हस्ताचे तारे त्यांतच येतात.